बुडबुडा मधात

आमच्या मामांच्या सदऱ्याच्या खिशात पेन नसतं, चष्म्याची डबी नसते, पाणसळ असते. टीचभर लांबीची, पिवळी, कडेचा रंग उडालेली. मधल्या काचेच्या नळीत हिरवट पाणी आणि त्यात हरभऱ्याएवढा बुडबुडा. गवंडी तिला लेव्हल म्हणतात, मामा नुसतं ‘बुडबुडा’ म्हणतात. ‘बुडबुडा मधात आला का?’ हे ते दिवसातून जितक्या वेळा विचारतात तितक्या वेळा ‘जेवला का?’ विचारत नाहीत.

पाणसळ जवळ नसली तरी त्यांचं अडत नाही. हॉटेलात चहा आला की ते कपाकडे वरून नाही, बाजूने पाहतात. एका कडेला चहा दोन सुतं वर दिसला की ‘टेबल लंगडं हाय’ म्हणून खाली वाकतात, आणि बिलाची घडी पायाखाली सारून झाल्यावरच वर येतात. तोवर चहावर साय धरलेली. मामी म्हणतात, ‘यायनं आयुष्यात गरम चहा पेला नाही, पण सरळ पेला.’

माझ्या लग्नात मी पाटावर उभा, समोर अंतरपाट, मंगलाष्टकं रंगात आलेली, आणि मामा रीतीप्रमाणे माझ्या पाठीशी. मला वाटलं त्यांचा गळा दाटून आला असेल. तेवढ्यात कानाशी आवाज आला, ‘बापू, पाट हलून राह्यला तुझा. उजवा पाय उचल जरासा.’ आणि ‘सावधान’ म्हणायच्या आत त्यांनी लग्नपत्रिकेची चौघडी पाटाखाली सारली. लग्नाच्या व्हिडिओत त्या क्षणी नवरदेव एका पायावर उभा आहे. बायको तो भाग अजून पाहुण्यांना दाखवते.

असा एकजण प्रत्येक घरात असतो. नवा मिक्सर आणला की सगळे भांड्याचं झाकण उघडतात, हा आधी पुस्तिका उघडतो. खोकं फेकू देत नाही. टीव्हीवरचं प्लास्टिक सोलायला लागलं की त्याच्या जिवाला लागतं. ‘एवढी काय घाई हाय?’ हा त्याचा सवाल नसतो, श्वास असतो. आमच्या घरातला हा श्वास खामगावला राहतो आणि शेगावला आमच्या दुकानात काही नवीन आलं की पहिल्या एसटीने हजर होतो.

मामा खामगावच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये ३१ वर्षं फिटर होते. खामगाव म्हटलं की बाहेरच्यांना चांदी आठवते, मामांना रुई. कापसातून सरकी वेगळी करणारा जिन केसभर कलला तर त्याचे चामड्याचे रोलर एकाच बाजूने झिजतात, हे ते अशा आवाजात सांगतात की ऐकणाऱ्याला आपलेच गुडघे झिजल्यासारखे वाटावेत. यंत्राची तब्येत बघायची त्यांची रीत म्हणजे लांब पेचकस घ्यायचा, टोक यंत्राला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. ‘मशीन बोलते बापू. आपणच मधात मधात बोलतो म्हणून आयकू येत नाही.’ आमच्या फ्रिजला, शेजाऱ्यांच्या स्कूटरला आणि एकदा घोरणाऱ्या आत्याच्या पलंगाला त्यांनी असा पेचकस लावलेला मी पाहिला आहे.

आमचं दुकान स्टेशनच्या रस्त्यावर. रसवंती, लस्सी, लिंबूसरबत. शेगावात माणूस उतरतो तो महाराजांच्या दर्शनाला, परततो कचोरीचा पुडा घेऊन, आणि कचोरी खाल्ली की त्याला आमची आठवण होते. वैशाखात पारा ४३ ला टेकतो तेव्हा तर रसापेक्षा बर्फालाच गिऱ्हाईक जास्त. हा बर्फ वर्षानुवर्षं लादीचा यायचा. कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या मोठ्या हौदात पत्र्याचे डबे बुडवून ठेवतात. अमोनियाच्या जोरावर ते खारं पाणी शून्याच्या खाली जातं तरी गोठत नाही, डब्यातलं गोडं पाणी मात्र गोठून लादी होते. गोणपाटात गुंडाळलेली, भुसा चिकटलेली ती लादी सकाळी हातगाड्यावरून उतरायची तेव्हा उंबरठ्याएवढी असायची, दुपारी तिची वीट व्हायची.

मी एकदा मामांना मोठ्या कौतुकाने सांगितलं, की १८३३ साली अमेरिकेतल्या बोस्टनहून जहाजात बर्फ भरून कलकत्त्याला आणला होता. चार महिन्यांचा प्रवास, निघताना १८० टन, पोचला तेव्हा शंभरेक टन उरलेला. पुढे मुंबईलाही असा विलायती बर्फ येऊ लागला. मामांनी क्षणभर विचार केला. ‘भुशात गुंडाळला असन.’ हो, लाकडाच्या भुशातच. ‘मंग बरोबर हाय,’ असं म्हणून त्यांनी अमेरिकेला पास केलं.

लादीचं वैभव उतरलं ते २०१८ पासून. खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा, असा राज्यात नियम झाला. नियम चांगलाच. पण तेव्हापासून गिऱ्हाईक ग्लास उजेडाला धरून बघायला लागलं. आमचा बर्फ पांढराच, तरी एखादे काका निळ्या भिंतीसमोर ग्लास धरून म्हणायचे, ‘जरा झाक मारते का हो?’ शेवटी या वर्षी ठरलं, स्वतःचं मशीन घ्यायचं. पारदर्शक चौकोनी खडे पाडणारं, दिवसाला ५० किलोचं. अक्षय्यतृतीयेला उद्घाटन. साडेतीन मुहूर्तांतला दिवस. फ्लेक्स छापला, सकाळी दहाची आमंत्रणं गेली, गुरुजी ठरले. एकच चूक झाली. आईने मामांना फोन केला.

मशीन आली आदल्या रात्री नऊला, टेम्पोतून. फळकूट पाडलं आणि मामा मटकन खाली बसले. मशीन टेम्पोत आडवी झोपवलेली होती.

‘उद्या चालू होत नाही,’ मामा म्हणाले.

‘मामा, दहा वाजता शंभर माणूस येऊन राह्यला!’

‘येऊ दे. चोवीस घंटे उभी राह्यल्याशिवाय बटण दाबायचं नाही. पुस्तकात वाच.’

पुस्तकात होतं. कॉम्प्रेसरच्या पोटात तेल असतं. मशीन आडवी पडली की ते नळ्यांमध्ये पळतं. उभी ठेवली की सावकाश, आपल्या चालीने, परत खाली उतरतं. ते उतरायच्या आत बटण दाबलं तर कॉम्प्रेसर कोरडा फिरतो आणि आपल्याला रडवतो. माझी चरफड पाहून मामांनी ठेवणीतला दाखला काढला. ‘अरे, नवी नवरी दारात आली, माप वलांडलं, की लगेच चुलीपुढं बसवून भाकरी थापाले लावते का कोणी?’

मामी पिशवीतून डबा काढत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, ‘मले लावलं होतं.’

मामांनी ताबडतोब पाणसळ काढली.

सकाळी गुरुजी आले. मला आशा होती की धर्मशास्त्र तरी माझ्या बाजूने उभं राहील. गुरुजींनी दोन्ही पक्ष ऐकले, मशीनच्या मागच्या जाळीतून वाकून पाहिलं आणि विचारलं, ‘आडवी आणली का?’ मग कळलं की मागच्या दिवाळीत त्यांनी घर बदललं तेव्हा त्यांचाही फ्रिज असाच आडवा आला होता आणि लगेच लावला म्हणून गेला होता. ‘मूर्तीला प्रतिष्ठेआधी जलाधिवास असतो, धान्याधिवास असतो, शय्याधिवास असतो,’ गुरुजी म्हणाले. ‘हिला आज उभ्याउभ्याच शय्याधिवास समजा. पूजा आज, बटण उद्या.’ मामांनी खाली वाकून त्यांचे पाय धरले. दुसऱ्या कोणत्याही गुरुजींचे धरल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा उद्घाटन झालं ते असं: हार घातलेली, कुंकू लावलेली, प्लगदेखील न लावलेली बर्फाची मशीन, तिच्यापुढे फोडलेला नारळ, आणि शंभर माणसांच्या लस्सीसाठी मागच्या दाराने गुपचूप आणलेल्या बर्फाच्या दोन लाद्या.

पाहुणे गेले आणि मामांनी बाह्या वर केल्या. दुकानाची फरशी मोरीकडे उतरती असते, असायलाच हवी. पण मशीनला ते पटत नाही. आत खडे पाडायच्या साच्यावर पाणी एकसारखं उडावं लागतं. मशीन कलली की एका बाजूचे खडे जाडजूड आणि दुसऱ्या बाजूचे पोकळ, फुटक्या कवडीसारखे. चार पाय, चार स्क्रू. एक फिरवला की बाकीचे तीन रुसायचे. मामा फरशीवर पालथे, गाल जमिनीला टेकलेला, एक डोळा मिटलेला. ‘अजून पाव आटा. ...लय झाला. माघारी घे. ...कोणी दरवाजा लावला? लावू नका, हादरा बसते.’ पावणेदोन तास! बुडबुडा मधात आला तेव्हा मामांनी श्वास सोडला आणि मीही. मग ते उठले आणि म्हणाले, ‘आता इकून तिकून पाहू.’ म्हणजे पाणसळ आडवी ठेवून झाली, आता उभी ठेवायची होती.

मग भिंतीपासूनचं अंतर. पुस्तकात १५ सेंटिमीटर. मामांनी वीत लावली. ‘तिलेबी वारा पाहिजे.’ आपण आतून गार करायचं म्हणजे ती आतली उष्णता बाहेर टाकते. ती जायला जागा नको? मग सांडपाण्याची नळी. आमच्या प्लंबरने ती उंबऱ्यावरून वर चढवून पलीकडे गटारात खोलवर खुपसली होती. या मशीनला पाणी ढकलायचा पंप नसतो, ते आपल्या उतारानेच गेलं पाहिजे. मामांनी काही न बोलता तांब्याभर पाणी नळीत ओतलं आणि प्लंबरला म्हणाले, ‘पाह्य.’ तिघे-चौघे वाकून पाहत राहिलो. पाणी उंबऱ्यापाशी थबकलं, विचारात पडलं आणि परत आलं. प्लंबरने मान खाली घातली. नळी उपटून नव्याने बसवली, हातामागे बोटभर उतार देऊन, आणि तिचं तोंड गटाराच्या जाळीच्या चांगलं चार बोटं वर मोकळं ठेवून. ‘गटार तुंबलं तर उलटं चढून बर्फात येईन. पाणी सोडाव, पण नातं ठेवू नाही.’

पाण्याचं प्रकरण मात्र खरंच गंभीर. शेगाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात. इथल्या बोअरचं पाणी जिभेवर ठेवलं की आजीच्या हातची आमटी आठवते, तिला शेवटी शेवटी मीठ घातलंय की नाही ते लक्षात राहत नसे. क्षार मोजायचा मीटर बुडवला तर आकडा १८४० वर जाऊन थांबला. असं पाणी थेट दिलं असतं तर सहा महिन्यांत आतल्या साच्यावर आणि फवाऱ्यांवर पांढरी पुटं चढली असती. म्हणून आरओ बसवलेला होता. मामांनी त्याचं पाणी मोजलं, समाधानाने मान डोलावली आणि मग पुस्तिकेचं एक पान बोटाने दाबून मला हाक मारली. काही मशिनींत पाण्याची पातळी कळते ती पाण्यातून वीज वाहते त्यावरून. पाणी अगदीच निर्मळ असलं तर वीज वाहत नाही आणि मशीनला वाटतं टाकी रिकामी आहे. त्यावर उपाय काही कंपन्या स्वतःच देतात: चिमूटभर मीठ. ‘म्हंजे,’ मामा अत्यंत आनंदाने म्हणाले, ‘पैसे देऊन मीठ काढाचं अन् मंग हातानं टाकाचं!’ आमच्या मशीनमध्ये तरंगता गोळा होता, तिला त्याची गरज नव्हती. पण मामा ती गोष्ट पुढचे तीन दिवस येईल त्या गिऱ्हाइकाला सांगत होते.

रात्री सगळे झोपले. मामा संध्याकाळपासून मीटर घेऊन बोर्डापाशी बसलेले. तासातासाला व्होल्टेज पाहायचं आणि माझ्या मुलीच्या जुन्या वहीत लिहायचं. ती वही माझ्याकडे आहे. एका बाजूला ‘माझा आवडता प्राणी’, दुसऱ्या बाजूला: संध्याकाळी सात, १८८. रात्री अकरा, २२६. पहाटे चार, २४१, आणि पुढे कंसात ‘मोटारी बंद असतीन’. खाली रेघ मारून निकाल: ‘स्टॅबिलायझर पाहिजेच. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकणे.’ सकाळी मामी त्यांना उठवायला गेल्या तर ते स्टुलावर बसल्या बसल्या झोपलेले, पाठ अगदी सरळ.

सकाळी स्टॅबिलायझर आला. रात्रीचे नऊ केव्हाच उलटून गेलेले, उलट बारा तास जास्तच झालेले. मामांनी नळ उघडला, एकेक सांधा कोरड्या बोटाने चाचपला, बोट ओलं झालं नाही याची खात्री केली आणि मला म्हणाले, ‘दाब.’ मी दाबलं. काहीच नाही. मी मामांकडे पाहिलं. ‘थांब ना. ते पाणी भरून राह्यली.’ मग आत झरझर आवाज, मग पंख्याचा वारा, मग कॉम्प्रेसरचा घुमा सूर. मामांनी पेचकस टेकवला, डोळे मिटले. शेजारचा पानवाला, दोन रिक्षावाले, आई, मामी, माझी मुलगी, सगळे मुकाट्याने उभे. दवाखान्यात डॉक्टर छाती तपासतो तेव्हा नातेवाईक उभे राहतात तसे.

‘साजरी बोलून राह्यली,’ मामा म्हणाले.

बावीस मिनिटांनी आतून खडखड खडखड झाली. साच्यामागून गरम वायू फिरतो, खडे सुटतात आणि पेटीत पडतात. काचेसारखे! लादीचा गाभा पांढरा, धुरकट असतो, हे आरपार. पाणी सारखं वाहतं राहिलं की गोठताना आधी शुद्ध पाणी चिकटतं आणि क्षार मागे सुटून वाहून जातात, म्हणून. आईने हात जोडले, वाटी पुढे केली. ‘पहिला बर्फ महाराजांच्या फोटोपुढे ठेवते.’

‘ताई, तो फेकाचा हाय,’ मामा म्हणाले.

त्या क्षणी आमच्या दुकानात जी शांतता पसरली ती मी माझ्या हयातीत विसरणार नाही. पहिला बर्फ, फेकायचा? पण पुस्तकात तसंच लिहिलं होतं. नव्या यंत्राच्या आत तेलाचा, धुळीचा, कारखान्याचा अंश असतो. तो पहिल्या दोन-तीन घाण्यांच्या बर्फाने धुऊन निघतो. मामांनी फावड्याने तो बर्फ स्वतः बादलीत भरला आणि कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतला. शाळेला सुट्टी लागलेली. क्षणात दहा-बारा पोरं धावली, आणि आयुष्यात कधी न धावलेले आमचे मामा हातात रिकामी बादली घेऊन ‘खाऊ नका रे, थो खाण्याचा नाही!’ ओरडत स्टेशनच्या रस्त्याने त्यांच्या मागे. पानवाल्याने विचारलं, ‘निळा काहून नाही केला मंग?’

चौथ्या घाण्याला आईची वाटी भरली. लगेच मामांनी मूठभर खडे पेटीतल्या एका तांब्याच्या नळीवर दाबून धरले. मिनिटभरात मशीन बंद. ‘गेली! गेली!’ पानवाला किंचाळला. ‘गेली नाही, समजली,’ मामा म्हणाले. पेटी भरली की बर्फ त्या नळीला टेकतो आणि मशीन आपणहून थांबते. हात काढला, थोड्या वेळाने ती परत सुरू झाली. हा खेळ मामांनी त्या दिवशी आलेल्या प्रत्येकाला करून दाखवला. मुलीने हिशेब ठेवला होता: अकरा वेळा. अकरा वेळा मशीन बंद पाडल्यावर संध्याकाळी बर्फ कमी भरला, याचं आश्चर्य फक्त मामांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या चोवीस तासांचा बर्फ तोलला. ३३ किलो. खोक्यावर ५०. मी कंपनीला फोन लावायला घेतला तर मामांनी पुस्तिका पुढे केली. अगदी बारीक अक्षरात तारांकित टीप: हवा २१ अंश आणि पाणी १० अंश असताना. मी वर पाहिलं. बाहेर पारा ४३, टाकीतल्या पाण्यात हात घालवत नाही.

‘दहा अंशाचं पाणी कुठं राह्यते मामा?’

मामांनी मन लावून विचार केला. ‘बुलडाणा वर डोंगरात हाय, गार हाय. इंग्रज उगाच नाही गेले तिथं कचेरी घेऊन. पण तिथंबी डिसेंबरात, पहाटे.’ मग समजुतीच्या सुरात, ‘मशीन खोटं नाही बोलत बापू. आपला गाव खरा हाय, एवढंच.’ टाकीवर हिरवी जाळी बांधली, नळीला गोणपाट गुंडाळलं. तेच गोणपाट, लादीचं. चार किलो वाढला.

मामा खामगावला परतले ते पेटी फ्रीझर नाही, नुसता जाड भिंतींचा डबा आहे, त्यात कोथिंबीर ठेवू नका, असं सगळ्यांना चारचारदा बजावून. जाताना लस्सी दिली. ‘बर्फ नको टाकू,’ म्हणाले, ‘दाताले लागते.’

आता रोज रात्री दहाला त्यांचा फोन येतो. माझी चौकशी नाही, धंद्याची नाही. ‘फोन तिच्याजवळ धर.’ मी फोन मशीनच्या बाजूच्या जाळीला लावतो आणि उभा राहतो. पलीकडे खामगावात मामा डोळे मिटून ऐकत असणार हे मला इथून दिसतं. दोन-तीन मिनिटांनी ‘हं’ होतो आणि फोन कटतो. परवा रात्री वादळ झालं, नेमकी दहाला लाईट गेली आणि फोन वाजला. अंधारात मी सवयीने तो जाळीला धरला. बराच वेळ पलीकडून काही नाही, इकडूनही काही नाही.

‘झोपली वाटते,’ मामा हळूच म्हणाले. ‘राहू दे. उठवू नको.’